खाप्याचा रस्ता मुख्य की दुय्यम

भर दुपारी खाप्याच्या रस्त्यावर नलूताईंनी मला स्कूटर थांबवायला लावली. दोन ट्रक समोरासमोर आले. एकाला चाकं मातीत उतरवावी लागली. ताईंनी टाळी वाजवली. "पाह्यलं गा? दुय्यम!"

नलूताई नागपुरात आमच्या लकडगंजातल्या शेजारीण. भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. इंटरनेटवर एक नकाशा आहे, तो कुणीही घरबसल्या सुधारावा. त्यात कोणता रस्ता मुख्य आणि कोणता दुय्यम, हे ठरवण्याचं काम ताईंनी अंगावर घेतलं होतं. कुणी सांगितलेलं नव्हतं. माणसांचीही त्या अशीच प्रतवारी लावत. आमच्या व्याह्यांना एकदा तोंडावर म्हणाल्या, "तुम्ही गल्लीतले, बरं का."

खाप्याचे बळीरामजी मात्र त्यांना पुरून उरले. त्यांनी खाप्याचा रस्ता मुख्य केला, की ताई तो दुय्यम करत. दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नव्हतं. पण संध्याकाळचा चहा झाला की नकाशाच्या चर्चेच्या पानावर भांडण सुरू.

"सारा खापा याच रस्त्यानं नागपूरले जाते," ते लिहीत.

"जाऊ द्या. रुंदी कुठून आणता?" ताई लिहीत.

एके दिवशी बळीरामजींनी लिहिलं, "ताई, तुमचंच बरोबर. करा दुय्यम."

मी अभिनंदन केलं, तर ताई माझ्यावरच उखडल्या. "असा कसा हरला गा हा? भांडला काहून नाही?" लगेच त्यांनी लिहून विचारलं, तब्येत बरी आहे ना?

उत्तर आलं. बायकोला उपचारासाठी ते त्याच रस्त्यानं नागपूरला आणत. ती गेली. आता त्यांचं येणं संपलं होतं.

ताईंनी रस्ता दुय्यम केला, पत्ता मागून घेतला आणि मला म्हणाल्या, "उद्या मले खाप्याले ने."

बळीरामजी उंच, थोडे वाकलेले. चहा त्यांनी स्वतःच केला आणि साखर विसरले. ताई मुकाट्यानं प्यायल्या. बळीरामजी जमिनीकडे पाहत बसले होते.

शेवटी कप खाली ठेवून ताई म्हणाल्या, "आता तुमचा पारशिवनीचा रस्ताही मी दुय्यम करून राहिली."

बळीरामजींनी मान वर केली. "काहून? मुख्य आहे तो."

"कोण म्हणते?"

"मी म्हणतो ना!" ते म्हणाले, आणि खुर्ची पुढे ओढून बसले.