शब्दकोडं, चिमटा आणि नेल्बाबाई

आख्ख्या दुरास्नो गावात रोजच्या पेपरातलं शब्दकोडं पेनानं सोडवणारा एकच माणूस आहे, आणि तो म्हणजे मी! पेन्सिल नाही, खोडरबर नाही. सकाळी साडेदहाला नगरपालिकेतल्या माझ्या टेबलावर भरलेलं कोडं पडलेलं असायचं आणि लोक येता-जाता म्हणायचे, "काय डोकं आहे हो मिल्टनचं!"

आता तुमच्यापासून काय लपवायचं? दहा वाजता मी एक फोन करायचो. चौकातल्या औषधाच्या दुकानात, नेल्बाबाईंना.

या बाईंबद्दल किती सांगू! गावातल्या तिन्ही डॉक्टरांचं अक्षर वाचणारी ही एकमेव व्यक्ती. डॉक्टरांना स्वतःला वाचता येत नाही, ते तिला फोन करून विचारतात! एक सुरुवातीचा फराटा आणि एक शेवटचं टिंब, एवढ्यावरून जी बाई आख्खं औषध ओळखते, तिला आडवे-उभे चौकोन म्हणजे किस झाड की पत्ती! इकडे हातानं खोकल्याची बाटली बांधतेय आणि तिकडे मानेत फोन धरून मला सांगतेय, "मिल्टन, ते तुर्की पक्वान्न नाही रे, तो वारा आहे, वारा!" आणि अकरा वर्षांत या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाही.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग सासरेबुवांना चिमट्याची चिंता लागली.

सासुरवाडीला रविवारचं मांस निखाऱ्यावर भाजायचं ते सासरे वाल्देमार यांनीच. त्यांचा तो लांब लोखंडी चिमटा दुसऱ्या कुणाच्या हातात मी एकवीस वर्षांत पाहिला नव्हता. एकाच्या विस्तवाला दुसऱ्यानं हात लावायचा नाही, हा आमच्याकडचा कायदा. पण आता त्यांचे गुडघे बोलायला लागले होते. चिमटा जाणार एकतर मला, नाहीतर माझा साडू नेल्सन याला. नेल्सन विस्तव पेटवताना रॉकेल ओततो! तरी इतकी वर्षं पारडं त्याचंच जड, कारण सासरेबुवांच्या मते मी म्हणजे सरकारी खुर्चीवर ठेवलेली उशी.

त्या रविवारी मात्र ते म्हणाले, "जावईबापू, तुम्ही म्हणे कोडं एकट्यानं सोडवता. मीही सोडवतो. निखारे सांभाळायला तेच डोकं लागतं. ही घ्या प्रत, ही माझी. जेवायच्या आत पुरं केलंत, तर चिमटा तुमचा!"

माझी बायको मिर्ता कानाशी पुटपुटली, "आज पाळी कुठल्या दुकानाची आहे?"

"नेल्बाबाईंच्याच!" मी म्हणालो. रविवारी गावात पाळीपाळीनं एकच औषधाचं दुकान उघडं असतं. देव पाठीशी होता.

पाऊण तासात माझं घोडं चार ठिकाणी पेंड खायला लागलं. सैबेरियातली नदी, दोन अक्षरं. आफ्रिकेतलं हरिण, तीन अक्षरं. आणखी दोन तर बोलायच्या लायकीची नव्हती.

"मिर्ताचं डोकं दुखतंय, गोळी विचारून येतो," असं म्हणून मी आतल्या खोलीत सटकलो. मिर्तानं लगेच कपाळाला हात लावला. गुणाची बाई! आमच्या सासुरवाडीला एकाच लाइनवर दोन फोन, एक दिवाणखान्यात, एक या खोलीत. मी हळूच उचलला.

"...नदी, दोन अक्षरं," फोनमधून आवाज आला.

आवाज सासरेबुवांचा!

"ओबी," नेल्बाबाई म्हणाल्या. "लिहा, मी थांबते."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. हे इथे, तर विस्तवापाशी कोण? मी खिडकीतून पाहिलं. जाळीखाली चरबी टपटपत होती आणि ज्वाळा फुटभर वर! आख्खं घर गोल करून उभं. नेल्सन हात पाठीशी बांधून सर्वांत पुढे.

"अरे, कुणीतरी फिरवा ते मांस!" सासूबाई ओरडत होत्या.

"मी नाही बुवा! दुसऱ्याच्या विस्तवाला हात?" नेल्सन म्हणाला.

मला ओरडायची सोय नव्हती. ओरडलो तर सासऱ्यांना कळणार मी फोनवर आहे. नाही ओरडलो तर अर्धा बोकड कोळसा!

"कसला गोंधळ चाललाय हो तिकडे?" नेल्बाबाईंनी विचारलं.

"काही नाही, पोरं खेळतायत. तेवढं उभं सतरा सांगा."

"वाल्देमारसाहेब, ठेवा आता. कुणाला खरंच औषध लागेल. शिवाय मिल्टनचा फोन अजून यायचाय."

"कोण मिल्टन?"

"अगं बाई! बोलून गेले वाटतं."

गुपचूप फोन ठेवला असता तर अजूनही काही वाचलं असतं. पण चार रिकामे चौकोन माझ्याकडे बघत होते आणि चिमटा जायची वेळ आली होती. तोंडातून निघून गेलंच, "नेल्बाबाई, तेवढं हरिण कुठलं?"

"ओरिक्स," बाई म्हणाल्या. "नमस्कार मिल्टन. आता दोघंही जा आणि ते मांस बघा. मला इथे जळल्याचा वास येतोय!"

आम्ही दोघं एकाच दारातून बाहेर पडलो आणि अडकलो. सासरेबुवा माझ्याकडे बघेनात, मी त्यांच्याकडे बघेना. ताटात काळे दगड आले. तरीही रीत ती रीत: भाजणाऱ्यासाठी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इतक्या केविलवाण्या टाळ्या मी निवडणुकीतसुद्धा ऐकल्या नाहीत.

"किती वर्षं?" सासरेबुवांनी खालच्या आवाजात विचारलं.

"अकरा. तुम्ही?"

"चौदा." मग त्यांनी चिमटा पुसला. "चिमटा तुम्हाला नाही. नेल्सनलाही नाही. ज्याचं डोकं, त्याचा चिमटा."

पुढच्या रविवारी पाळी दुसऱ्या दुकानाची होती. नेल्बाबाई जेवायला आल्या, बाह्या वर केल्या आणि सासरेबुवांनी चिमटा त्यांच्या हाती दिला. एका हातानं बरगड्या परतत त्यांनी सासरेबुवांना कोडं सांगितलं. असं मांस या अंगणात कधीच शिजलं नव्हतं, हे खुद्द सासरेबुवा म्हणाले! टाळ्यांनी शेजारचा कुत्रा भुंकायला लागला.

तेव्हापासून बाईंच्या दुकानाची पाळी नसलेल्या रविवारी मला एकच काम. नेल्बाबाई आमच्याकडे असतात हे गावाला कळलंय, त्यामुळे फोन उचलायचा. मागच्या रविवारी पहिलाच फोन आला पाद्रीबाबांचा. घसा खाकरून म्हणाले, "नेल्बाबाई आहेत का? एक नदी अडलीय, सैबेरियातली..."

"ओबी!" मी छाती फुगवून म्हणालो.

"ती नव्हे रे बाळा, तिच्या शेजारची," पाद्रीबाबा म्हणाले. "तू बाईंनाच बोलाव."