एका माणसाचे कुटुंब

रेहाना तांबोळी माझ्या घरात आली की प्रथम वर्तमानपत्र मागत असे. वाचण्यासाठी नव्हे. ते ती फरशीवर अंथरी, त्यावर आपली काळी पिशवी ठेवी आणि मग साबण, टॉवेल, एप्रन व रक्तदाबाचे यंत्र याच क्रमाने वस्तू बाहेर काढी. पिशवी उघड्या फरशीवर टेकली तर या घरचा रोग त्या घरी जातो, असा नियम होता. नियमाला माझी हरकत नव्हती. वर्तमानपत्र त्या दिवसाचे असे आणि मी ते वाचलेले नसे, एवढीच हरकत होती.

"कालचा अंक घे," मी सांगून पाहिले.

"कालचा रद्दीत गेला, आबा. रद्दीवर झुरळं फिरत्यात. धड्यात हाय."

'धड्यात हाय' म्हटले की विषय संपे. त्यावर अपील नसे.

हे धडे कोणते, ते सांगितले पाहिजे. रेहाना मूळची निमोण्याची. आईवडील गेलेले, नवऱ्याने दुसरे घर केलेले, भाऊ कुरकुंभच्या कारखान्यात पाळ्या करणारा. तिशी ओलांडल्यावर तिने शिरूरला, आमच्या आळीच्या मागे, खोली घेतली आणि नर्सिंगला नाव घातले. दोन हजार आठ-नऊचा सुमार असावा. तिच्या संस्थेत प्राथमिक आरोग्य हा विषय शिकवायला शिक्षिका टिकेना. अखेर तो विषय इंटरनेटवरून शिकण्याची सोय झाली. दूरच्या कुठल्याशा शहरातून धडे येत आणि रेहाना ते एस. टी. स्थानकासमोरच्या सायबर कॅफेत बसून पाही. दोन्ही बाजूंना मुले मोटारींच्या शर्यती खेळत. मधल्या खणात ही बाई हगवणीचा धडा खणखणीत आवाजात वाची. गिऱ्हाईक चहा अर्धा टाकून उठते, अशी कॅफेवाल्याची तक्रार होती.

शिकलेले तिच्या पोटात राहत नसे. धडा संपला की ती आमच्या आळीत येई आणि पहिला दिसेल त्याला शिकवी. एकदा धडा चालू असताना वीज गेली. तिने आळीतल्या बायकांना जमवून तान्ह्या मुलाला गुंडाळायचे कसे ते दाखवले आणि म्हणाली, "सोडायचं कसं ते उद्या. लाइट आल्यावर."

हात धुण्याचे प्रकरण मात्र मला भोवले. उन्हाळा होता, नळाला एक दिवसाआड पाणी येई. रेहाना मोरीत हात धुवायला गेली ती बाहेर येईना. मी जाऊन पाहिले. बादली तळाला गेली होती.

"शस्त्रक्रिया आहे काय?" मी विचारले.

"आबा, धड्यातली बाई ह्याच्यापरीस जास्ती येळ धुती. हात पान्याखाली धरती आन् नुसती उभी ऱ्हाती. हालत बी न्हाई."

"हलत नाही?"

"न्हाई. लई शांत बाई हाय."

मला शंका आली. मी तिला घेऊन कॅफेत गेलो. मालकाने पडदा पाहिला आणि कपाळाला हात लावला. "शिस्टर, ती धुवत न्हाई. अडकलीया. आपली लाइनच स्लो हाय."

"मंग आधी नको का सांगायला?" रेहाना त्याच्यावरच उखडली. "आबांचं पानी संपिवलं ना मी!"

या विषयाची परीक्षा कागदावर नव्हती. प्रत्येक विद्यार्थिनीने एक कुटुंब निवडायचे, दर आठवड्याला त्याच्या घरी जायचे, आणि शेवटची भेट परीक्षक बाईंच्या देखत करून दाखवायची. ती भेट जमली तर विषय सुटणार. विषय सुटला तर नोकरी.

रेहानाने आधी शेजारच्या पवारांना निवडले. घर भरलेले, शेती बागायती, गावकीत वजन. पहिल्याच गुरुवारी, सगळे बसलेले असताना, तिने धड्यातला पहिला प्रश्न विचारला: "घरात निर्णय कोन घेतं?"

पवार म्हणाले, "आम्ही." आतून त्यांच्या मातोश्री म्हणाल्या, "माज्या जिवात जीव हाय तवर मीच!" पवारांच्या पत्नी सुमनबाई भाजी निवडत राहिल्या. संध्याकाळी त्यांनी चूल पेटवली नाही. निर्णय कोण घेते ते घरातल्या सर्वांना कळले.

पुढच्या गुरुवारी सुमनबाई दारातच उभ्या राहिल्या. "शिस्टर, आमच्यात कुनी आजारी न्हाई. तू आल्यापून झालं ते झालं. आता दुसरं घर बघ बाई."

ती तिथून निघाली ती सरळ माझ्याकडे आली.

"आबा, आता तुमीच माझं कुटुंब."

"मी एकटा आहे. एकाचे कुटुंब होत नाही."

"हुतं. एकटं ऱ्हानारं म्हातारं मानूस. येगळा प्रकार हाय त्यो. धड्यात हाय."

'म्हातारं' हा शब्द मला रुचला नाही. मी तसे सांगणार होतो. पण तिने पिशवी उघडली होती.

"घरात निर्णय कोन घेतं?"

"आजवर मी घेत होतो," मी म्हणालो.

त्यानंतर दर गुरुवारी ती येत राहिली. माठावर झाकण आहे की नाही ते पाही, औषधांच्या पुड्या उलट्यासुलट्या करी, लोणच्याची बरणी माझा हात पोहोचणार नाही अशा फळीवर ठेवी. तोंड अखंड चालू. भावाच्या पाळ्या, कॅफेतली पोरे, धड्यातली ती शांत बाई, यांतले काहीही माझ्यापासून लपून राहिले नाही. रक्तदाब मोजताना कानांत नळ्या असत, तेवढीच शांतता. आपला रक्तदाब आणखी सावकाश मोजला जावा, असे मला वाटू लागले होते.

परीक्षेच्या दिवशी परीक्षक बाई आल्या. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून त्यांनी सर्व पाहिले. वर्तमानपत्र, पिशवी, साबण, टॉवेल. हात तिने बेताने धुतले. रक्तदाब मोजला, जेवणखाण विचारले, माठ पाहिला. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती.

"छान," बाई म्हणाल्या. "आता शेवटचा टप्पा. कुटुंबाला सांगा, भेटी संपल्या. पुढे आरोग्य केंद्रात जायचं."

रेहानाने टॉवेलची घडी घातली. ती मोडली. पुन्हा घातली.

"सांगा ना."

"मॅडम, दुसरं कायबी इचारा."

"या टप्प्याला गुण आहेत. हा राहिला तर विषय राहील."

"व्हय. म्हाईत हाय मला," रेहाना म्हणाली, आणि गप्प बसली. कानांत नळ्या नव्हत्या.

बाईंनी घड्याळ पाहिले. मी घसा साफ केला.

"रेहाना," मी म्हणालो, "मी ऐकतो आहे. बोल."

तिने माझ्याकडे पाहिले नाही. पुस्तकातून वाचावे तसे, एकेक शब्द सुटा करून ती म्हणाली, "आपल्या कुटुंबाला देण्यात येणाऱ्या भेटी आज समाप्त होत आहेत. यापुढे आपण आरोग्य केंद्राशी संपर्क ठेवावा."

"ठेवीन," मी म्हणालो.

बाईंनी कागदावर खूण केली, पाणी घेतले आणि त्या गेल्या.

पिशवी भरून तयार होती. रेहाना उठली नाही.

"झाली ना परीक्षा?" मी विचारले.

"झाली."

"मग?"

"जाते की. खोलीवर जाऊन तरी काय, कुलूपच काढायचं." पिशवीचा पट्टा ओढून पुन्हा म्हणाली, "जाते."

मी स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला. दोन कपांचा.

ती उत्तीर्ण झाली. कुरकुंभला एका कारखान्याच्या दवाखान्यात तिला नोकरी लागली. साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी हवी असे तेथे विचारले, तेव्हा बाकी साऱ्या जणींनी रविवार मागितला. रेहानाने गुरुवार मागितला. रविवारी शिरूरच्या एस. टी.ला फार गर्दी असते, असे कारण तिने मला दिले.

मी ते मान्य केले.