शेळीची बातमी आणि पाण्याचा जार

"माझी बाटली ऑफिसातच राहिली गं," व्हर्ना माझ्या कानाशी पुटपुटली. "आता चारची गोळी कशाबरोबर घेऊ?"

समोर टेबलावर पाण्याने काठोकाठ भरलेला काचेचा जार होता. तिने त्याच्याकडे पाहिलं, मीही पाहिलं, आणि दोघींनी सभ्यपणे नजर दुसरीकडे वळवली.

ओहायोतल्या आमच्या लहानशा शहराच्या पाणीपुरवठा खात्यात परस्परविश्वास कमी असल्याचं एका निनावी पाहणीत आढळलं होतं. पाहणीच्या प्रत्येक अर्जावर सही बंधनकारक होती. उपाय म्हणून आम्हां सात जणांना 'एका तासात पेपर' हा खेळ खेळायला पाठवण्यात आलं. गावचा पेपर सहा वर्षांपूर्वी बंद पडला. त्याच्याच कचेरीत हा खेळ चालतो. कॉन्स्टन्सबाई तिथे पूर्वी संपादक होत्या. आता त्या संपादकाची भूमिका करतात. प्रतिसाद पूर्वीपेक्षा चांगला आहे.

नियम साधे होते. पाकिटात निघेल त्या घटनेची बातमी करायची. पानावर निदान एक खरं वाक्य हवं, बोलणाऱ्याच्या नावासह. तोवर दार उघडणार नाही.

आमच्या पाकिटात निघालं: 'ग्रंथालयात शेळी शिरली.'

"शिरली नको," आमचे संचालक ग्लेन म्हणाले. "सुरक्षेवर बोट दाखवल्यासारखं वाटतं. 'भेट दिली' म्हणू."

"पण तिने तीन पुस्तकं खाल्ली, असं लिहिलंय इथे," मी म्हणाले.

"म्हणजे वाचनाची आवड वाढली."

कायद्याचं बघणाऱ्या डेलने शेळी सिद्ध झालेली नाही, असा मुद्दा काढला. ती 'कथित शेळी' झाली, मग 'एक अभ्यागत'. ग्रंथालय नगरपालिकेचं, म्हणून तेही गाळलं. पाऊण तासाने मथळा तयार झाला: 'एका ठिकाणी काहीही घडल्याचं वृत्त नाही.' त्यावर सात जणांनी सह्या केल्या.

"छान," कॉन्स्टन्सबाई म्हणाल्या. "आता खरं वाक्य. कोण बोलतंय?"

"मी बोलतो," डेल म्हणाला. "पण नाव व्हर्नाचं टाका."

बाईंनी बिस्किटांसारख्या कुरकुरीत, खारट प्रेट्झेलची परडी फिरवली. सगळ्यांनी मूठमूठ खाल्ले. सगळ्यांच्या जिभा टाळूला चिकटल्या. जारातलं नळाचं पाणी बोटभरही उतरलं नाही.

चार वाजले. व्हर्नाने रक्तदाबाची गोळी तळहातावर काढली. मागच्या महिन्यात एकच चुकली, तर ती पार्किंगमध्ये चक्कर येऊन पडली होती.

"घे की, पाणी आहे ना समोर," ग्लेन म्हणाले.

"आधी तुम्ही घ्या."

"मला तहान नाही." त्यांचा आवाज बिजागरीसारखा करकरला.

"डेल, तू?"

"मी पाणी कमी केलंय. वजनासाठी."

सगळे छताकडे बघू लागले. माझ्या पर्समध्ये दुकानातून आणलेली सीलबंद बाटली होती. मी ती रुमालाखाली ढकलली. संचालकांसमोर काढणार कशी?

व्हर्नाने गोळी मुठीत बंद केली.

"लिहा, बाई. व्हर्ना स्टोल्झ, वय एकसष्ट. 'नळाचं पाणी पिण्यास सुरक्षित आहे' असं पत्र दरवर्षी घरोघरी जातं ना, ते सव्वीस वर्षं मीच टाइप करते. आमच्या खात्यातला एकही माणूस ते पाणी पीत नाही."

कॉन्स्टन्सबाईंनी पेन उचललंसुद्धा नाही.

"हे मी छापलंय. शेवटच्या अंकात, पहिल्या पानावर, एवढ्या मोठ्या अक्षरांत. बावीस फोन आले."

"आणि?" व्हर्नाने विचारलं.

"जागा पुरली नाही म्हणून त्या दिवशी शब्दकोडं गाळलं होतं. सगळे त्याचेच."

मी पर्समधून बाटली काढून व्हर्नासमोर ठेवली. ग्लेनचा पेला आपोआप पुढे आला.

"त्यातला एक फोन माझा होता," मी म्हणाले.