भाऊजींच्या बुटावरील घरगुती उपाय

घरात होण्याजोगं काम बाहेरच्या माणसाकडे नेणं ही अधोगतीची पहिली पायरी होय, हे तत्त्व आमच्या घरात १९८८ साली मान्य झालं. त्याआधी आम्ही अधोगतीतच राहत होतो, आणि बरे राहत होतो.

त्या वर्षी मोठ्या जाऊबाईंची सूचना एका मासिकात छापून आली : करपलेलं पातेलं मिठाच्या पाण्यात भिजत ठेवावं. खाली त्यांचं नाव होतं. (पातेलं मी घासलं होतं. तो उल्लेख जागेअभावी राहिला असावा.) तेव्हापासून घरात कुठलीही वस्तू सरळ धुणं बंद झालं. आरसे वर्तमानपत्राने, वर्तमानपत्राची शाई लिंबाने, लिंबाचे डाग सोड्याने, आणि सोडा कशाने जातो याचा विचार चालू, अशी शिस्त लागली. आरसे पूर्वी ओल्या फडक्याने स्वच्छ निघत. पण त्यात अक्कल लागत नसे.

त्याच हिवाळ्यात धाकट्या भाऊजींची परीक्षा आली. आमचं गाव डोंगराच्या पायथ्याशी. हिवाळाभर बर्फ, आणि पायाला स्कीच्या पट्ट्या लावून त्यावरून घसरायला येणारी माणसं. भाऊजी स्की शिकवणाऱ्या शाळेत बदली शिक्षक होते. परीक्षा पास झाले तर कायम होणार, आणि कायम झाले तरच डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टच्या तिकीटखिडकीवरची मुलगी लग्नाला हो म्हणणार होती. मुलीला भाऊजी आवडत होते, पण खिडकीत बसून तिला नियमाची सवय झाली होती.

अडचण बुटाची होती. स्कीचा बूट म्हणजे बाहेरून प्लास्टिकचं कडक कवच आणि आत मऊ अस्तर. उजव्या बुटाचं कवच नेमकं भाऊजींच्या घोट्यावर टोचत होतं. बाजारात एक बुटवाला होता. तो कवच तापवून घोट्यापुरतं फुगवून देई. भाऊजी बूट घेऊन निघाले, तर दारात जाऊबाई.

“कुठे?”

“बुटवाल्याकडे, वहिनी.”

“का? आम्ही मेलोय का?”

भाऊजींनी बूट खाली ठेवला.

पहिला उपाय शास्त्रीय होता. पाण्याचा बर्फ होताना तो फुगतो. तेव्हा पाण्याची पिशवी बुटात घालून बूट गच्चीत ठेवला, की बर्फच बूट फुगवील. बर्फाने पिशवी फोडली, बूट होता तसाच राहिला. “अर्धं झालं,” जाऊबाई म्हणाल्या. (कोणतं अर्धं, हे विचारायची घरात पद्धत नव्हती.) बुटातला बर्फ काढायला मीठ घातलं. मिठाचे डाग पडले, त्यावर व्हिनेगर ओतलं. व्हिनेगरच्या वासावर सोडा टाकला. तेव्हा बूट दुधासारखा उतू गेला, आणि जाऊबाईंनी सवयीने धावत जाऊन गॅस बंद केला. गॅस चालूच नव्हता. परंतु त्यानंतर फेस खाली बसला, म्हणून उपाय लागू पडल्याचं धरण्यात आलं.

ओलं अस्तर ओव्हनमध्ये वाळवलं. उत्तम वाळलं. फक्त सात वर्षांच्या मुलाला येईल एवढं झालं.

एखादी सामान्य बाई इथे खचली असती. “बूट वाढत नाही ना,” जाऊबाई म्हणाल्या, “मग पाय बघू.” तुरटीने कातडी आक्रसते, म्हणून भाऊजींचा पाय तुरटीच्या गार पाण्यात बुडवला. आक्रसला तो चेहरा. यावर घरात मत घेतलं. सहापैकी पाच माणसं उपाय चालू ठेवावेत या बाजूची निघाली. सहावं मत पायाच्या मालकाचं होतं. त्याचा हितसंबंध गुंतलेला असल्याने ते मोजलं नाही.

परीक्षेच्या सकाळी अस्तर मागून उसवलं, पायावर प्लास्टिकची पिशवी चढवली, पिशवीला भांड्यांचा साबण चोळला. मी आणि आमच्या ह्यांनी भाऊजींचे खांदे धरले, जाऊबाईंनी बूट. पाय आत गेला. त्या वेळी भाऊजींना सुचलेले शब्द आमच्या घरात चालत नसत.

उतारावरून भाऊजी खाली आले ते गुडघे पार वाकवून. ताठ झाले की घोट्यात कळ जाई, म्हणून एकदाही ताठ झाले नाहीत. परीक्षक जन्मभर सगळ्यांना एकच सांगत आला होता, गुडघे वाकवा. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. (भाऊजींच्याही. कारणं वेगळी.)

“बूट कुणी बसवला?” त्याने विचारलं.

“घरी,” भाऊजी एवढंच म्हणू शकले.

पूर्ण गुण मिळाले. बूट मात्र निघेना. शेवटी बुटवाल्याला बोलावलं. चहाला म्हणून बोलावलं, त्यामुळे तत्त्व मोडलं नाही. चहा झाल्यावर त्याने सहज पिशवीतून करवत काढली. कापता कापता म्हणाला, “वहिनी, ह्यात घातलंय तरी काय काय?” जाऊबाईंनी पहिल्यापासून सांगितलं. तो ओशाळला. “मी नुसतं तापवतो,” म्हणाला.

भाऊजी कायम झाले, लग्न झालं, पुढे शाळेचे प्रमुख होऊन निवृत्त झाले. तिकीटखिडकीवरची मुलगी आमची धाकटी जाऊ झाली आणि आल्या आल्या कपडे लाँड्रीत देऊ लागली. मोठ्या जाऊबाई तिच्याशी महिनाभर बोलल्या नाहीत, मग एक दिवस गुपचूप आपलीही चादर गाठोड्यात सरकवली. परीक्षकाने ‘घरी बसवलेल्या बुटांस प्राधान्य’ असा नियम केला. पास होणारे दुप्पट झाले, आणि गावाला हाडांचा डॉक्टर मिळाला. बुटवाल्याने तापवायचं यंत्र विकलं आणि मीठ, सोडा, व्हिनेगर एका खोक्यात घालून विकायला घेतलं. त्याची नातवंडं परदेशात शिकतात. आमच्या ह्यांनी त्यानंतर कुणाचे खांदे धरले नाहीत. जाऊबाई भरपूर जगल्या. शेवटच्या आजारात नर्सला खिडकीच्या काचा कशा पुसाव्यात ते सांगत होत्या, आणि ती लिहून घेत होती.

ही हकिगत मी आजवर पुष्कळांना सांगितली. भाऊजींच्या घोट्याचं पुढे काय झालं, असं एकानेही विचारलं नाही. सगळे मीठ-सोड्याचं प्रमाण विचारतात. तुम्हीही विचारणारच, म्हणून आधीच सांगून ठेवते : अंदाजाने.