शेवग्याची खरड छाटणी

मखमलाबादच्या महेश पिंगळेने अकरा वर्षं खपून एक कादंबरी लिहिली. नाव 'शेवगा'. घरामागच्या शेवग्यावरच ती बेतलेली होती. तिचा नायक शेवटी झाडाला मिठी मारून बिल्डरला परतवून लावतो, पण त्या मिठीपर्यंत पोचायला वाचकाला पाचशे दहा पानं लागत. महेश कॉलेजात हेडक्लार्क. मित्रांनी त्याला केव्हाच हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं. प्रकाशकाने मात्र एवढंच कळवलं, की आमच्या संपादक हर्षाली मॅडम हो म्हणाल्या तर पुस्तक काढू. त्या एका होकारासाठी महेश झुरत होता.

त्याचे वडील पुंजारामआबा यांना कादंबरीचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षं द्राक्षबाग केलेला माणूस. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून तीन वर्षांपूर्वी बाग मोडली, तेव्हापासून ओट्यावर बसून असत. पोरगा खोलीत काहीतरी लिहितो, एवढं त्यांना दिसे. आबांना त्यातलं काय कळणार, असं म्हणून महेशने कधी वाचून दाखवलं नाही, आणि आबांनीही कधी विचारलं नाही.

एप्रिलातल्या एका शनिवारी महेश मोबाइल चार्जिंगला विसरून कामावर गेला. त्याची बायको मनीषा फुलं घेऊन पंचवटीच्या बाजारात गेली होती. मोबाइल वाजला. आबांनी चष्मा लावला आणि हर्षाली मॅडमचा निरोप अक्षर लावत वाचला:

"शेवग्याची छाटणी झाल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. फुटवे फार वाढलेत. सुरुवातीची साठ पानं काढाच. हात आखडू नका. उद्या चारला फोटो काढायला येते."

हर्षालीचं माहेर दिंडोरीकडचं, बागायतदाराचं. लिखाण कापायचं म्हटलं की तिच्या तोंडी छाटणी यायची आणि उपकथानकांना ती फुटवे म्हणायची. महेशला ही भाषा एव्हाना समजू लागली होती. आबांना ती जन्मापासून येत होती. शेतकी खात्यातली कोणी बाई असणार, असं त्यांनी ताडलं.

साठ पानांपाशी ते जरा अडखळले. पानं कोणी मोजून काढतं का? पण शिकलेल्या बाईमाणसाने लिहिलंय, चालायचंच. खरा प्रश्न वेगळाच होता. द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा. ऑक्टोबरात फळासाठी करतात ती गोडी छाटणी, बेताबेताची. एप्रिलात करतात ती खरड छाटणी. तिच्यात वेलीवर काही म्हणून ठेवत नाहीत. यातली कुठली करायची, ते निरोपात नव्हतं. आबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि करवत काढायला उठले.

तीन वर्षांनी हातात करवत आली होती. त्यांना फार बरं वाटलं. मॅडमच्या तोंडून का होईना, पोराच्या घरात आपल्या हातचं काम निघालं होतं. शेवग्याचं लाकूड मऊ. दोन तासांत वीस फुटी झाड कमरेएवढं झालं. कापांना बुरशी लागू नये म्हणून त्यांनी निळी बोर्डो पेस्ट लावली, शेजारच्या भागीबाईला भाजीसाठी पाला दिला आणि अंगण झाडून चहा करून घेतला.

संध्याकाळी महेश घरी आला आणि परसदारीच थिजला.

"हात आखडला नाय बघ," आबा म्हणाले.

महेशने मोबाइल पाहिला आणि सगळा उलगडा झाला. ओरडावं असं त्याला वाटलं, पण इतक्या दिवसांत आबांचा चेहरा एवढा खुललेला त्याने पाहिला नव्हता. मॅडमना खरं काय ते सांगून टाका, असं मनीषाने सुचवलं. पण झाड वाचवायची कादंबरी लिहिणाऱ्याच्याच घरी झाड तोडलं, हे सांगायचं कोणत्या तोंडाने? आबांनी रचून ठेवलेल्या फांद्या त्याने रविवारी सकाळी उचलल्या आणि मनीषाला सुतळी मागितली. ती हार बांधणाऱ्या घरातली. कुरकुरत का होईना, तिने फांद्या बुंध्याला अशा गुंफल्या की लांबून शंका येऊ नये.

चारला हर्षाली मुखपृष्ठासाठी शेवग्याचा फोटो काढायला आली. उन्हाने फांद्या माना टाकू लागल्या होत्या. तिने कॅमेरा डोळ्याला लावला, खाली घेतला, परत लावला. झाड आजारी आहे का, असं तिने विचारलं. यंदा ऊन फार आहे, असं महेशने सांगितलं.

तेवढ्यात कुंपणाच्या फटीतून भागीबाई आत आली.

"महेशभाऊ, कालची भाजी लय गोड झाली. ही बांधलेली फांदी सोडशीन तव्हा मला हाक मार." पाला अजून कोवळा आहे का, हे बघायला तिने फांदी जराशी ओढली. मनीषाने सगळं एकाच सुतळीत गुंफलेलं. अख्खा शेवगा हर्षालीच्या पायाशी येऊन पडला.

आवाजाने आबा काठी टेकत मागे आले. "मॅडम, तुमी सांगितलं तसंच केलं हाय. यानं उगं परत काय बांधलं, मला कळंना."

हर्षालीने बुंध्याकडे पाहिलं, मग महेशकडे. स्वतःचाच निरोप तिने मोबाइलवर पुन्हा वाचला.

"काका, मी पुस्तकाबद्दल लिहिलं होतं," ती हळूच म्हणाली. "पुस्तकाचं नाव शेवगा आहे."

आबांनी काठीने तुटलेली फांदी बाजूला सारली. मग महेशला म्हणाले, "ते मला कोण सांगणार होतं?"

अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्याला त्या पाचशे दहा पानांची लाज वाटली.

हर्षालीने त्याला बाड आणायला लावलं आणि इथेच, आबांसमोर वाचा म्हणून सांगितलं. महेशने निसर्ग आणि मानव यांच्या नात्यापासून सुरुवात केली. चौथ्या पानावर आबांचा डोळा लागला. महेश नेटाने वाचत राहिला. मधेच मनीषा चहा ठेवून गेली. एकसष्टाव्या पानावर नायकाच्या आईने आळं करून शेवग्याचं खोड लावलं, तशी आबांनी मान वर केली. "हितून सुरू कर."

हर्षालीने तिथे खूण केली. आणखी एक अट तिने घातली. शेवटची मिठी कोणाला पटणार नाही, त्यापेक्षा काल इथे जे घडलं ते लिहा. मग मी हो म्हणते.

महेशने तीन आठवडे खपून नवा शेवट लिहिला. त्यात नारायण नावाचा म्हातारा बाप मुलाचं झाड तोडतो. बापालाच गुन्हेगार केलं, हे त्याला टोचत होतं. पण हर्षालीला पाठवायच्या आधी त्याने ते आबांना ऐकवलं. आबांनी सगळं टक्क उघड्या डोळ्यांनी ऐकलं.

"करवत आधी खालून लावत्यात," ते म्हणाले. "थोडा काप घ्यायचा, मंग वरून. नायतर साल सोलती. तेवढं नीट कर."

महेशने दुरुस्ती केली. बाकी कसं वाटलं, हे त्याने भीतभीत विचारलं.

"बाकी बरोबर हाय. पण हा नारायण कोण?"

तुमचं नाव खराब व्हायला नको म्हणून बदललं, असं महेश पुटपुटला.

"अख्ख्या मखमलाबादेत अशी छाटणी कोणाला जमती?" आबा म्हणाले. "पुंजारामच लिही."