मोकलकाकांच्या दोन लाइनी

"एकाच स्टँडातून दोन गाड्या सोडतोस आणि मला सांगतोस दोन रस्ते हाय म्हनून? नाय चालनार!"

हे मोकलकाका ओरडले ते खांबावर चढलेल्या केबलवाल्याला उद्देशून. तो बिचारा खांबाला घट्ट मिठी मारून बसला. समोरच्या झाडावरचे कावळे उडाले ते थेट कर्नाळ्याच्या अभयारण्यात जाऊन बसले आणि तिथल्या पक्ष्यांनी त्यांना पाणी पाजलं, असं म्हणतात. म्हणणारा मीच.

काका एरवी शुद्ध बोलत. संताप आला की मात्र त्यांच्या आपटा गावची बोली वर यायची. आणि त्या दिवशी संतापायला कारणही होतं. त्यांनी घरात इंटरनेटच्या दोन लाइनी घेतल्या होत्या, दोन वेगळ्या कंपन्यांच्या. एक मेली तर दुसरी हवी, म्हणून. मग रस्त्यावर जेसीबी आला, त्याने खांबाला एकदाच दात मारला आणि दोन्ही लाइनी एकत्र गेल्या. काकांना संशय आला. वायरीकडे बघत, मान वर करून, खांबामागून खांब मोजत ते वडाळे तळ्यापर्यंत चालत गेले. वाटेत दोन सायकलवाले आणि एक भेळवाला त्यांना धडकले. तळ्याजवळ त्यांना दिसलं की दोन्ही कंपन्या एकाच पत्र्याच्या डब्यात नांदताहेत. वरची पाटी वेगळी, आतली वायर तीच.

"प्रवासी उभा राहता कामा नये," काका परत येताना मला म्हणाले. मी खालच्या मजल्यावर राहतो आणि माझ्याकडे कॉम्प्युटर आहे, एवढ्याच गुन्ह्यासाठी त्यांनी मला तांत्रिक सल्लागार नेमलं होतं.

हे प्रवासी प्रकरण नोकरीतलं. काकांनी उभी हयात पनवेलच्या बसस्थानकात माईकवर गाड्या पुकारल्या. माईक बंद पडला तरी प्रवाशांना फरक कळत नसे. पनवेलला गाडी पकडणारा उरणचा माणूस घोषणा ऐकून मगच उरणहून निघत असे. निवृत्त झाल्यावरही सवय गेली नाही. सकाळी घरात पुकारा व्हायचा, "चहा फलाटावर लागलेला आहे!" आणि आतून काकू सावकाश म्हणायच्या, "चालकाने स्वतः येऊन न्यावा."

आता एकट्या माणसाला दोन लाइनी कशाला, यावर आमच्या सोसायटीत बरंच संशोधन झालं होतं. कुणी म्हणे शेअर बाजार. सेक्रेटरीचं मत होतं की म्हाताऱ्याला रशियन बाई भेटली आहे. खरं कारण मला ठाऊक होतं आणि ते सांगून कुणाची मजा घालवावी असं मला वाटलं नाही.

काकांची एकुलती एक मुलगी वैशाली इंदूरला असते. ती जन्मापासून ऐकू शकत नाही, नवराही तसाच. दोघं हातांनी बोलतात. पनवेल तालुक्यातला सर्वांत मोठा आवाज, आणि ज्या एका माणसापर्यंत तो पोचायला हवा, तिथे तो कधी पोचलाच नाही.

मुलगी लहान असताना काकू तिच्याबरोबर शाळेत बसून ती हातांची भाषा शिकल्या. काका ड्यूटीवर. त्यामुळे घरात सगळी वाहतूक काकूंमार्फत. रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल लागला की काकू खुर्चीत बसायच्या आणि काका मागे उभे राहून घोषणा करायचे, "विचार तिला, तिथे थंडी आहे का!" काकूंचे हात हलायचे, बांगड्या वाजायच्या, तिकडून हात हलायचे, आणि काकू सांगायच्या, "आहे म्हणते. तुमचा स्वेटर घातलाय म्हणते." काका खूश.

दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. त्या खुर्चीत आता काका बसतात. गंमत अशी की काकू होत्या तोवर लाइनीबद्दल घरातून एकही तक्रार नव्हती. काकू गेल्यापासून दर रविवारी काका जिना उतरून माझ्या दारात. "चित्र अडकलं रे मिलिंद. तिचं अर्धं वाक्य हवेतच राहिलं." मग संध्याकाळी मुलीचा मेसेज यायचा, तो काका मला दाखवायचे. 'बरी आहे. जेवले.' दर रविवारी तेवढाच.

जेसीबी प्रकरणानंतर काकांनी एक लाइन काढून टाकली, सरकारी टेलिफोनची वायर घेतली. ती खरोखर दुसऱ्या रस्त्याने येत होती, हे त्यांनी चालून तपासलं. आता हवा होता दोन्ही वायरी एकाच वेळी पोटात घेणारा राऊटर. त्यासाठी आम्ही बाजारात इक्बालभाईंच्या दुकानात गेलो. इक्बालभाई बरीच वर्षं दुबईत नोकरी करून आलेले, माणूस सबुरीचा. त्यांना सबुरीची गरज पडणार होती.

"काका, घरात माणसं किती?" त्यांनी विचारलं.

"एक."

"आणि लाइनी दोन." इक्बालभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

काकांनी मशीन उलटं करून पाहिलं, हलवून पाहिलं, नाकाला लावून पाहिलं. त्याचं खानदान विचारलं. दोन लाइनींपैकी एक राखीव ठेवायची की दोन्ही चालू, हे इक्बालभाईंनी विचारताच काका म्हणाले, झोपलेला ड्रायव्हर मला नको, दोघेही सीटवर पाहिजेत. वैशालीसाठी स्थळ बघताना तुम्ही एवढी चौकशी केली होती का, असं मी सहज विचारलं. "तेव्हा सगळं हिनेच विचारलं," काका म्हणाले आणि मशीन पुन्हा उलटं केलं.

मग त्यांनी खरा प्रश्न काढला. "चालू लाइन मेली, तर कॉल दुसरीवर जायला वेळ किती?"

"जास्त नाही काका, पाच-सात सेकंद. डोळे मिटून उघडाल तोवर."

"डोळे मिटून कसं चालेल?" काका म्हणाले. "माझी मुलगी हातांनी बोलते. तेवढ्यात वाक्य जाईल निघून."

 मांडलेला माल इक्बालभाईंनी बाजूला सारला आणि आतून दुसरा डबा आणला. "हा घेऊन जा. ऑफिसवाले नेतात. नाही जमला तर परत आणा, माझी जबान आहे."

रविवारी मी तो डबा जोडून दिला. काकांनी त्याला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. सगळे दिवे हिरवे. कॉल लागला आणि काय सांगू, चित्र इतकं स्वच्छ की वैशालीच्या मागच्या कॅलेंडरवरची एकादशी वाचता येत होती. मी निघणार होतो, पण काकांनी मनगट धरून बसवलं.

वैशाली बोलायला लागली. हात भराभर चालले होते. मध्येच तिने छातीवर तळवे ठेवले, काकांच्या मागे भिंतीवरच्या काकूंच्या फोटोकडे बोट दाखवलं आणि तीच खूण पुन्हा केली. मग पुन्हा, सावकाश. डोळे भरलेले होते, तेही स्वच्छ दिसत होते.

काकांचे हात गुडघ्यांवर. त्यांनी राऊटरकडे पाहिलं. हिरवे दिवे. त्यांनी सवयीने पडद्याकडे बोट करून हात हलवला, चित्र अडकलं म्हणून. वैशालीने नाही म्हणून मान हलवली आणि दोन्ही हात झुलवून दाखवले, की बघा, अडकलेलं नाही.

मग काकांनी पाचही बोटं जुळवून तोंडाकडे नेली. जेवलीस? मी दोन वर्षांत त्यांना दुसरी खूण करताना पाहिलेलं नाही.

वैशालीचे हात थांबले. ती वडिलांकडे बघून हसली आणि तिने बाजूचा मोबाईल उचलला. काकांच्या खिशात मेसेज वाजला. त्यांनी तो काढून पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाजारातून जाताना इक्बालभाईंनी गल्ल्यावरूनच हाक मारली. मशीन कसं चाललंय, बेटी साफ दिसली का, सगळं विचारलं. काकांनी सगळ्याला मान डोलावली.

"मग, काय म्हणाली बेटी?"

काका इतके हळू बोलले की इक्बालभाईंना काउंटरवर वाकावं लागलं.

"बरी आहे. जेवली."