मोजमापाला उभा माणूस

आगरच्या खाडीकाठी, आपल्या चिकूच्या वाडीला लागून एक सुशिक्षित गृहस्थ चिखलात पालथे पडलेले पाहून महादेव राऊतांना प्रथम त्यांची काळजी वाटली. गृहस्थांच्या हातात कॅमेरा दिसला, तेव्हा स्वतःची वाटू लागली.

गृहस्थ म्हणजे डहाणूच्या शाळेत शास्त्र शिकवणारे टिपणीस मास्तर निघाले.

"कसला फोटो काढता, मास्तर?"

"निवटीचा. मासा असून चिखलावर चालते. जीव पाण्यातून जमिनीवर कसे आले असतील, ते मुलांना दाखवायचंय."

"मग त्यात माझं कुंपण कशाला?"

"ते आपोआप येतं. एका कडेला कुंपण, दुसऱ्या कडेला तो काळा खडक. दरवर्षी दिवाळीनंतर याच जागेवरून काढणार आहे. उत्क्रांतीला लाखो वर्षं लागतात. पण हळू होणारा बदल डोळ्यांना दिसत नाही, फोटो शेजारी ठेवले की दिसतो, एवढं तरी मुलांना पटेल."

महादेवांची नजर कुंपणाकडे गेली. पावसाळा सरला की वाडीला नवे काटेरी कुंपण लागे. ते घालून होईपर्यंत गुरे आत शिरू नयेत, म्हणून जुने जागेवरच ठेवत. साहजिकच नवे त्याच्या बाहेरच्या अंगाला, सरकारी खाजणात, म्हणजे खाडीच्या दलदलीच्या जमिनीत लागे. मग जुने काढून टाकायचे. अशा सरकत्या कुंपणामागे चिकूची एक अख्खी रांग वाढली होती.

"मास्तर सरकारचा माणूस आहे," जेवताना ते बायकोला म्हणाले.

"सरकारचा माणूस चिखलात लोळेल होय?" बकुळाबाई म्हणाल्या.

"संशय येऊ नये म्हणून लोळतो."

"मग यंदा कुंपण जागच्या जागी घाला."

"म्हणजे आपल्याला कळलं, हे त्याला कळेल."

पुढल्या दिवाळीनंतर मास्तर आले, तेव्हा कुंपण झाकण्यासाठी महादेव त्याला पाठ लावून, छत्री उघडून उभे होते. मास्तर हरखले.

"उत्तम. मोजमापाला न बदलणारी वस्तू हवीच होती. दरवर्षी असेच उभे राहाल? कुंपणाला चिकटून, छत्रीसकट?"

महादेव कबूल झाले. सरकारला गुंगवल्याच्या समाधानात ते वर्षानुवर्षे उभे राहिले.

मग शाळेत प्रदर्शन भरले. उद्घाटनाला आलेले मामलेदार फोटोंच्या रांगेपुढे रेंगाळले.

"मास्तर, निवटी तर होती तिथंच आहे."

"एवढ्यात ती बदलणारही नाही, साहेब."

"पण हे छत्रीवाले?"

पहिल्या फोटोत छत्री खडकापासून लांब होती. शेवटल्या फोटोत तिची कड खडकाला टेकली होती.

"मी नाय हललो, साहेब," कोपऱ्यातून महादेव म्हणाले. "खडक सरकला."

"छत्री रुंद किती, मास्तर?"

मास्तरांनी रुंदी सांगितली, अगदी अचूक. शास्त्राबद्दल कोणी अधिकारी इतक्या आस्थेने विचारत असल्याचा त्यांना आनंद झाला होता.

कुंपण मागे गेले. चिकूची रांग गेली. दिवाळीनंतर मास्तर आले, तेव्हा भरतीचे पाणी तिथवर फिरून गेले होते आणि एका चिकूच्या खुंटापाशी निवटी बसली होती.

"महादेवभाऊ, इतकी आत ती प्रथमच आली. उभे राहता जरा?"

महादेवांनी निवटीकडे बराच वेळ संशयाने पाहिले.

"आधी तिला विचारा," छत्री उघडत ते म्हणाले, "कोणाला विचारून आत आली."